एलुनेदची पत्र्यातली शिवण

आमच्या गावात लग्न ठरलं की आधी चॅपेलची तारीख घेत नाहीत, आधी एलुनेद पॅरीची घेतात. चाळीस वर्षं नवऱ्या मुलींचे लग्नाचे झगे शिवतेय ही बाई, आणि रविवारी चॅपेलात ऑर्गनही तीच वाजवते. वय बासष्ट, उंची मुठीएवढी. लग्न का नाही केलंत असं कुणी विचारलं तर म्हणते, "स्वतःचं माप घ्यायला दुसरं माणूस लागतं, ते मिळालं नाही." लहानथोर सगळे तिला आंटी म्हणतात. मीही म्हणतो.

मी आर्वेल. गाड्या वर्षातून एकदा तपासायच्या, रस्त्यावर चालायला लायक आहेत की नाहीत ते सांगायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. लीन हे आमचं समुद्रात घुसलेलं भूशिर, त्याला तिन्ही बाजूंनी खारं वारं, त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच. त्यामुळे पत्रा गंजतो आणि माझ्याकडून बऱ्याच गाड्या थेट भंगारात जातात. मला बघून कुणाच्या चेहऱ्यावर हसू फुटलंय, असं फारसं होत नाही.

प्रकरण सुरू झालं ते इद्रिसच्या मुलीच्या झग्यापासून. इद्रिस म्हणजे टेकडीवरचा मेंढ्यांवाला. आंटी त्याच्या घरी नवरीच्या अंगावर झगा बेतून बघत होती. गळ्यात टेप, तोंडात सहा टाचण्या. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, अंगणात भंगारवाल्याचा ट्रक उभा आहे आणि साखळीनं एक लाल गाडी वर ओढली जातेय. दोनच माणसांची, टप उघडणारी, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. वीस वर्षांची. इद्रिसनं पन्नाशीच्या भरात हौसेनं घेतली आणि कंबर धरली तशी गोठ्यामागं टाकून दिली होती.

नवरी अजून सांगते, आंटी नुसतं "म्म्म्!" म्हणाली आणि धावत सुटली. ट्रकसमोर हात पसरून उभी राहिली.

"आंटी, बाजूला व्हा," इद्रिस म्हणाला. "तिचा तळ गेलाय. बिस्किटासारखा चुरतोय."

आंटीनं एकेक टाचणी तोंडातून काढून बाहीत खोचली. सहावी निघेपर्यंत भंगारवाल्यानं साखळी थांबवली होती.

"झग्याची शिलाई नको मला," ती म्हणाली. "ही दे."

"अहो, पण करणार काय तिचं?"

"बसणार. आणखी काय करतात गाडीत?"

दुसऱ्या दिवशी तोच ट्रक ती गाडी भंगारात नेण्याऐवजी माझ्या दारात सोडून गेला. मी ती वर उचलली आणि दाराखालच्या उंबऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावला. टोचला नाही हं, नुसता लावला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि आतून तपकिरी पाणी माझ्या बाहीत उतरलं.

"आंटी, खरं सांगतो, हिला मोडीत घाला."

तिचं लक्षच नव्हतं. भोकात बोट घालून ती कडा चाचपत होती. "धड कापड कुठून सुरू होतं रे?"

"कापड?"

"पत्रा रे! हे बघ, इथवर विरलंय. इथून पुढं चांगलं आहे. विरलेलं कापायचं, नवं लावायचं. कोपर फाटलं म्हणून कोट फेकतात का?"

"हल्ली फेकतात."

"हल्लीच्यांचं मला सांगू नकोस."

घरी तिची थोरली बहीण नेस्टा. निवृत्त मुख्याध्यापिका, जिभेला अजून धार. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "हिच्यात बसण्यापेक्षा मी शवपेटीत बसेन. तिला निदान तळ असतो."

आंटीनं गाडी ट्रकनं हलवली ती ग्विलिमकडे, त्याच्या बोटींच्या शेडमध्ये. ग्विलिम बंदरात बोटींचं वेल्डिंग करतो, चॅपेलात खर्जात गातो आणि फक्त डाव्या कानानं ऐकतो. त्यानं तिला मुखवटा दिला, तो तिच्या खांद्यापर्यंत आला. रद्दी पत्र्याचे दोन तुकडे दिले. तिनं पहिली शिवण घातली.

ग्विलिमनं ती उजेडात धरली. "सीगल शिटून गेला का इथं?"

"तू पहिला झगा शिव, मग बोलू."

"कसला बंगला?"

"काही नाही! पुढचं सांग!"

त्यानं सांगितलं, की सरळ जोडत सुटायचं नाही, पत्रा तापून वाकडा होतो. आधी इथं एक ठिपका, मग त्या टोकाला एक, मग मधे. सगळं जागच्या जागी बसलं की थोडंथोडं करत भरायचं. हे ऐकून आंटीनं मुखवटा वर केला आणि खो खो हसत सुटली. "अरे गाढवा, हे तर कच्चे टाके! हे तू मला शिकवतोस?"

तिथून तिला कुणी आवरू शकलं नाही. तिच्या दुकानात शिवणकामाच्या टेबलावर झग्याचे कागद बाजूला आणि ओट्सची खोकी मधोमध. खोकं कापायचं, गाडीला लावून बघायचं, वाकवायचं, खूण करायची, मग पत्रा बेतायचा, तोही चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडून. ग्विलिम म्हणायचा, इतकी माया त्यानं सख्ख्या भावावरही केलेली नाही.

पाणी मुळात साचलं कशामुळं, तेही तिनंच शोधलं. टपावरचं पाणी वाहून जायला सीटांमागं एक नळी असते. तिच्यात आंटीनं क्रोशाची सुई घातली आणि ओढलं. कुजलेली पानं निघाली, टॉफीचा कागद निघाला आणि इद्रिसच्या मेंढीच्या कानातला बिल्ला. बिल्ला तिनं त्याला टपालानं पाठवला.

एकदा ठिणगी पडून तिच्या एप्रनचा घेर पेटला. ग्विलिम ओरडला, "पेटलीस!"

"चार इंच राहिलेत!" ती म्हणाली आणि हात काही थांबवला नाही. ग्विलिमनं स्वतःचा चहा तिच्यावर ओतला. चार इंच पुरे झाल्यावर मुखवटा काढून तिनं विचारलं, "साखर घालतोस होय चहात?"

चार महिन्यांनी गाडी माझ्याकडे आली. मी तळाखाली गेलो आणि बघतच राहिलो. बाहेरच्या बाजूचा उंबरा असा जोडला होता, की नवं कुठं आणि जुनं कुठं ते हाताला कळेना. पण आतल्या बाजूला, सीटच्या पट्ट्याचा बोल्ट बसतो त्या जागी, ठिगळाला नुसते ठिपके होते. दोन इंच जोड, दोन इंच मोकळं. नियम असा, की ठिगळ चारी बाजूंनी सलग जोडलेलं हवं. पट्टा धरणार कशावर? आंटी असली तरी शिक्का माझ्या हातात होता.

"आंटी, इथं कच्चे टाके तसेच राहिलेत."

तिचे कान लाल झाले. "चाळीस वर्षांत माझ्या शिवणीत बोट घालणारा तू पहिला."

"मी नापास करतोय."

"कर. मी थांब म्हटलं का?"

त्या रविवारी तिनं पहिलं स्तोत्र इतकं संथ वाजवलं, की दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्यांचा श्वास संपला. तिसऱ्या ओळीला ग्विलिम खाली बसला. सगळं चॅपेल वळून माझ्याकडे बघायला लागलं. बाहेर पडताना पाद्रीसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आर्वेल, पुढच्या आठवड्यात पाच स्तोत्रं आहेत. काहीतरी कर बाबा."

मी गेलो तिच्याकडे. राग माझ्यावर नव्हताच. जमिनीवर उताणं पडून तिथवर तिचा हात पोचत नव्हता आणि हे बोलायला तिला लाज वाटत होती.

"हात पोचत नसेल तर गाडी आडवी करू," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी चॅपेलच्या गायकवृंदातले अकरा पुरुष बोटींच्या शेडमध्ये जमले. पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. खाली गाद्या अंथरल्या. ग्विलिमनं होडी ओढायच्या चालीवर सूर धरला, "हे... उचला!" आणि अकरा जणांनी ती लाल गाडी झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तशी वळवली. सगळा तळ समोर उभा! आंटी स्टुलावर आरामात बसली आणि शिवायला लागली. पुरुष मंडळी मनुकांचा पाव खात मागं उभी, आणि कुणीतरी गाणं सुरू केलं, ते थांबेचना.

इतक्यात दारात नेस्टा. तिची नजर गाडीवरून खाली गेली. "एलुनेद, ती माझी गादी आहे."

"मऊ आहे म्हणून घेतली," आंटी मुखवट्यातून म्हणाली.

"आणि मी कशावर झोपू?"

"शवपेटीत!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि अकराच्या अकरा जण असे हसले की ग्विलिमला नऊ वेळा विचारावं लागलं, काय झालं, काय झालं.

तिसऱ्या खेपेला नेस्टा मुद्दाम आली. "नापास झालेली बघायला आलेय," असं स्पष्ट सांगून खुर्ची घेऊन बसली. मी हातोडीनं ठोकलं, टोचलं, दिवा धरला. आतली शिवण बोटानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचपली. सलग. ब्रेक ठीक, दिवे ठीक, बेडकाचे डोळे दोन्ही वर आले.

"पास," मी म्हणालो.

आंटी ओरडली नाही की रडली नाही. तिनं ग्विलिमचे दोन्ही हात धरले आणि गॅरेजात गरागरा फिरायला लागली. त्याला निकाल ऐकूच आला नव्हता, तरी तोही फिरला. मग तिनं नेस्टाला खुर्चीतून उठवलं, गाडीत कोंबलं, पट्टा लावला आणि टप उघडा टाकून निघाली. मी आणि ग्विलिम माझ्या व्हॅनमधून मागं.

टेकडीच्या चढाला गारा सुरू झाल्या. गाडी थांबेना. पुढून नेस्टाच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. "घाबरली बिचारी," मी म्हणालो. "काय? सावरली?" ग्विलिम म्हणाला.

खाली समुद्रावर ओहोटी होती. तिथं वाळूवर गाडी उतरवता येते. आम्ही पोचलो तेव्हा नेस्टाची टोपी हातात, केस ताठ उभे, चष्म्यावर गारा आणि हसू कानापर्यंत.

"सरक," ती बहिणीला म्हणत होती. "मी चालवणार."

"शाळेचं फाटक पाडल्यापासून तू चाक धरलेलं नाहीस!"

"इथं कुठंय फाटक? सरक म्हणते ना!"

आणि माजी मुख्याध्यापिका ओल्या वाळूत लाल गाडीचे गोल गोल फेरे मारायला लागली. मागं पाण्याचे फवारे. एलुनेद शेजारी बसून टाळ्या पिटत होती.

मी जिवाच्या आकांतानं हात हलवत धावलो. "मीठ! आंटी, मीठ! सगळा तळ पुन्हा खाईल!"

"धुऊ की!" दोघी एकदम ओरडल्या आणि माझ्याच भोवती एक फेरा मारून गेल्या.

गोड्या पाण्यानं धुतली खरी, त्याच दुपारी, चॅपेलच्या अंगणातल्या नळावर, गाडी फळ्यांवर चढवून. मी पाइप धरला होता, ग्विलिम चहा करत होता, एलुनेद चाकाच्या कमानीत ब्रश घालत होती. नेस्टा चांगल्या कोटासकट गाडीखाली शिरली होती. आम्हाला तिचे नुसते बूट दिसत होते.

"आर्वेल," खालून आवाज आला, "इथं मला एक ठिपका दिसतोय. तांबूस. तुझ्या नजरेतून सुटला वाटतं. दिवा दे इकडे."