गोटा बुडालेलाच होता

माझे सासरे लटारू. ते ना सरपंच ना पाटील, पण उन्हाळ्यात त्यांच्या एका शब्दासाठी आमच्या ढिवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांची, चाळीस घरं थांबतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. मी घुग्घुसची. आमच्याकडे भोंगा वाजला की माणसं कोळशाच्या खाणीत उतरतात आणि भोंगा वाजला की घरी येतात. इथे, आरमोरीपासून पाऊण तासावरच्या या गावात, भोंगा म्हणजे मामाजी. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याला मामाजीच म्हणायचं असतं.

त्यांचा भोंगा वाजतो तो एका दगडावरून. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, आतल्या बाजूनं एक उभा गोटा आहे, माणसाच्या छातीइतका उंच. पावसाळाभर तो पाण्याखाली असतो. वैशाखात पाणी उतरत जातं, आधी त्याचं डोकं दिसतं, मग खांदे, मग मध्ये कोरलेली एक रेघ. त्या रेघेला आम्ही गोट्याची कंबर म्हणतो. कंबर कोरडी झाली की मामाजी तिथे नारळ फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळा मोहल्ला मिळून मोठं जाळं ओढतो. वर्षभर वाढवलेले रोहू, कतला तेव्हा एकदाच निघतात. कंबर दिसण्याआधी मोठं जाळं टाकायचं नाही. हा नियम मामाजींच्या आज्यापासूनचा, आणि तो पाळण्याचं काम याच घराकडे आहे.

गंमत अशी की एवढा तलावाचा माणूस, पण मासा खात नाही. लहानपणी काटा अडकला होता म्हणे. सासूबाई चंदाबाई घरभराला मासा रांधतात आणि यांच्यासाठी वेगळं वरण लावतात, वर पुटपुटतातही. मी एकदा विचारलं, "मामाजी, मग मासे कोणासाठी राखता?" तर म्हणाले, "पोरायसाठी." बोलणं एवढंच. चहात मात्र साखर इतकी घेतात की पेला धुतला तरी चिकट राहतो.

यंदा चैत्रातच ऊन असं पेटलं की पत्र्याखाली बसवेना. तलाव भराभर उतरला, गोट्याचे खांदे लवकर दिसले. आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष खुशाल घरी आला.

"लटारूभाऊ, यंदा लवकर टाकून देऊ जाळं. पानी लय तपून राह्यलं."

"कंबर कुठी दिसली अजून?" मामाजी म्हणाले.

खुशाल गेला. आठवडाभरात, ज्याची माझ्याशिवाय कोणाला अपेक्षा नव्हती तो पाऊस आला. वैशाखात, सलग तीन दिवस, वारा-गारांसह. वरच्या माळावरचं लाल पाणी ओढ्यानं तलावात उतरलं आणि गोटा डोक्यासकट पुन्हा बुडाला. मी मोबाइल पाहून आधीच सांगितलं होतं की पाऊस येणार, म्हणून दोन दिवस माझी मान ताठ होती. पाऊस थांबला, पण आभाळ हटलं नाही. चार दिवस ऊन नाही, वारा नाही, नुसती घामाची उकड. खुशाल पुन्हा आला. या वेळी त्याचा आवाज जरा चढलेला होता.

"भाऊ, माह्या मनाले बरं नाई वाटून राह्यलं. पान्याले वास येते. टाकू ना जाळं?"

मामाजींनी त्याला पाळीवर नेलं आणि पाण्याकडे हात केला. "गोटा बुडला आहे. पानी आहे तं मासा आहे. घाई काऊन करतं?"

मीही शहाणपणा केला. म्हटलं, खुशालभाऊ, उन्हाळ्यात एवढं पाणी कोणाच्या तलावात आहे का? मासे मजेत असतील. हे वाक्य मला अजून आठवतं आणि तोंड कडू होतं.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई पाळीवर गेल्या आणि तिथूनच ओरडत आल्या. आम्ही धावलो. तलाव पांढरा दिसत होता. रोहू, कतला, हाताएवढे, दंडाएवढे, पोट वर करून एकाला एक लागून तरंगत होते. काही अजून तोंड वर काढून हवा गिळत होते. मामाजी कपड्यांसकट कंबरभर चिखलपाण्यात उतरले. एकेक मासा उचलायचे, कल्ल्याला बोट लावायचे, खाली ठेवायचे, पुढचा उचलायचे. माझा नवरा निकेश त्यांना बाहेर ओढत होता, ते येईनात. चाळीस घरांनी वर्षभर वाढवलेलं तिथे होतं, आणि ऊन वर आल्यावर त्याला वास सुटणार होता.

आधी सगळ्यांना वाटलं कोणी विष टाकलं. पण मग मरळ मासे दिसले. मरळ जिवंत होते, चिखलात वळवळत होते.

"विषानं मरळ काऊन नाई मेले?" मामाजींनी खुशालला विचारलं.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून मत्स्य खात्याचे साहेब आले. तरुण होते, समजावून सांगत होते, आम्ही पाळीवर त्यांच्याभोवती बसलो. विष नाही, म्हणाले. तापलेल्या पाण्यात हवा कमी मुरते. त्यात चार दिवस ऊन नाही, म्हणून पाण्यातल्या शेवाळानं हवा तयार केली नाही. पावसानं गाळ आणि कुजका पाला आणला, त्यानं उरलेली खाल्ली. मरळ वरची हवा पितो म्हणून वाचला. मग त्यांनी बांबू बुडवून दाखवला. गोटा बुडालेला होता खरा, पण त्याच्यापुढे, जिथे पुरुषभर पाणी असायला हवं तिथे मांडीभर निघालं. बाकी सगळा गाळ.

"गाळ कुठून आला?" साहेबांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी वरच्या माळाकडे पाहिलं. तिथलं रान आमच्याच लोकांनी थोडं थोडं तोडून धानाची शेतं केली होती.

"आन वैशाखातला पाऊस?" मामाजी म्हणाले. "तो कोनं आनला?"

साहेबांनी मोठा श्वास घेतला. पृथ्वी आपणहूनही तापत-निवत आली आहे, म्हणाले, लाखो वर्षं. सूर्य आहे, ज्वालामुखी आहेत, समुद्राचे फेरे आहेत. पण आता जी तापते आहे ती मुख्यतः माणसामुळे. कोळसा, डिझेल जाळल्यानं, जंगल तोडल्यानं. आणि तरी हा एकच पाऊस त्यामुळेच आला असं बोट दाखवून सांगता येत नाही. अवकाळी पाऊस पूर्वीही पडायचा.

"म्हंजे मासे कोनं मारले?"

"काका, असं एकाचं नाव नाही सांगता येत."

मामाजी घरी आले ते तोच प्रश्न घेऊन. जो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत नव्हता तो आता माझ्यामागे लागला. मोबाइलमध्ये पहा म्हणे. मी पाहिलं, त्यांचा दोष नाही असं कुठेतरी लिहिलेलं सापडेल म्हणून. एक जण सांगत होता सगळं माणसानं केलं, दुसरा सांगत होता सगळी थाप आहे. तिसऱ्यानं बर्फाचा फोटो लावला होता. मामाजींनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हे इथलं नोहे." मी पुन्हा वाचून दाखवलं, की मुख्यतः कोळसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तुये बाबूजी कोळशाचीच गाडी चालवत ना?"

मला असा राग आला. माझ्या बाबांनी तीस वर्षं घुग्घुसच्या धुळीत ट्रक चालवला, त्यांच्या खोकल्यावर आम्ही झोपेतून उठत होतो. म्हटलं, "मामाजी, तुमचा पंखा कशावर फिरतो? मोटर कशावर चालते? सगळी वीज त्याच कोळशाची." त्यांनी उठून पंखा बंद केला आणि त्या उकाड्यात बसून राहिले. मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी येऊन तो परत सुरू केला आणि दोघांनाही बोलल्या.

रात्रभर मी विचार केला, बाबा दोषी की नाही. विचार कुठेच पोचला नाही. सकाळी बाबांना फोन लावला तर ते आपलंच सांगत होते, यंदा तिकडेही पाऊस कसा भलत्याच वेळी पडला.

मासे मेल्याच्या चौथ्या दिवशी संस्थेची बैठक भरली, समाजमंदिरात. मामाजी कधी नव्हे ते स्वच्छ धोतर नेसून गेले. मला वाटलं लोक तोंड सोडणार. खुशालनं दोनदा विनवलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मी निकेशला म्हटलंही, काही वाईट बोलले तर मी गप्प बसणार नाही.

पण कोणी वाईट बोललंच नाही. खुशाल उभा राहिला, म्हणाला, "साहेबानं सांगितलं आपल्याले. हवामानच बिघडलं आहे. लटारूभाऊची याच्यात काई चूक नाई." सगळ्यांनी मान हलवली. गुणाबाई, जिच्या घरात तलावावाचून दुसरं काही नाही, तीही म्हणाली, "नाई, भाऊची काय चूक." मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

मामाजी उभे राहिले.

"नाई," ते म्हणाले. "चूक माहीच लिवा."

"काऊन भाऊ?"

"माही असन तं मी जित्ता हाओ. पुढल्या साली सुधारून घेईन. आभाळाची असन तं मी का सुधारू? मंग मले कायले पुसता?"

मी चार दिवस त्यांना दोषातून सोडवायला धडपडत होते, आणि सोडवलेला माणूस समोर उभा होता, हात रिकामे.

शेवटी खुशालच हळूच बोलला. नवीन मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणायचं होतं, नाव नोंदवायला दोनच दिवस उरले होते. "ते जाऊ द्या भाऊ. बोटुकली कधी सोडायची तलावात? तारीख सांगा."

चौदाव्या वर्षापासून मामाजींना तलावाचं काही विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही असं झालं नव्हतं.

"मले नाई मालूम," ते म्हणाले.

कोणी उठलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि मामाजी आमच्या.