बुडापेस्टच्या बागेतला रिकामा चौथरा

आमच्या घरात नवस, दृष्ट, अंगात येणं यातलं काहीच चालत नाही. आम्ही बौद्ध, आणि आई तर नागपुरात विज्ञान शिकवून रिटायर झालेली. जिभेवर कापूर पेटवून दाखवायची, मग मुलांना त्यामागचं कारण सांगायची. हे आधी सांगतोय, कारण जे झालं ते तिच्याच बाबतीत झालं...

आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला राहतो. माझी बायको प्रज्ञा आर्किटेक्ट आहे. मागच्या मे महिन्यात कॉन्फरन्ससाठी बुडापेस्टला गेली, तेव्हा सहा वर्षांच्या सान्वीलाही घेऊन गेली. शहर बघायला वर चार दिवस ठेवले होते. माझं अमेरिकेच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग राहिलेलं, देशाबाहेर गेलो असतो तर परत येणं अडलं असतं, त्यामुळे मी आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई घरीच. रोज फोटो यायचे — रंगीत कौलांची छपरं, जुन्या इमारतींचे जिने, आणि कठड्यांवर बसवलेले ब्राँझचे चिमुकले पुतळे. ते शोधायचं सान्वीला वेडच लागलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला प्रज्ञाचा फोन आला. तिकडे दुपारचे तीन. आई डायनिंग टेबलवर मेथी निवडत होती.

"सान्वी दिसत नाहीये," प्रज्ञा म्हणाली. आवाज अगदी सपाट. "बागेत आहोत. मी एका कमानीचा फोटो काढत होते... वीस मिनिटं झाली. पोलीस आलेत."

मी फोन स्पीकरवर टाकला. बागेत मोठं तळं होतं, आणि सगळे तिथेच शोधत होते. प्रज्ञा धावत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

आईचे हात थांबले. तिने डोळे मिटले नाहीत की काही पुटपुटली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तिला सांग, तळ्याकडे नको शोधू. मागे जा म्हणावं. विटांची भिंत संपते तिथे दगडाची बाई आहे, गुडघ्यावर बसलेली. एक हात कोपरापासून तुटलाय. पोरगी तिच्या पायाशी खाली आहे."

"आई, काय बोलतेयस तू?"

"सांग तिला, अमोल."

मी सांगायच्या आतच प्रज्ञाने ऐकलं होतं. काही न विचारता ती उलटी पळाली. पुढची चार-पाच मिनिटं फक्त पावलांचा आवाज... मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होतो. मग प्रज्ञाची हाक, आणि खूप लांबून, दबलेलं — "मम्मा, आय कान्ट क्लाइंब."

झुडपांमागे जुन्या कारंज्याचं कोरडं कुंड होतं, खोल. तसलाच चिमुकला पुतळा शोधता शोधता सान्वी त्यात पडली होती. मनगट फ्रॅक्चर झालं होतं, बाकी ठीक.

संध्याकाळी प्रज्ञाने त्या जागेचा फोटो पाठवला. भिंतीचं टोक, कुंड, आणि कुंडाच्या काठावर एक चौथरा. रिकामा. मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई कुठे गेली?"

मी प्रज्ञाचे आधीचे सगळे फोटो उघडले. बागेचा एकही नव्हता, त्या दोघी त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे गेल्या होत्या. आईने युरोपात कधी पाऊल ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मुद्दाम परत गेली. म्हाताऱ्या माळ्याला फोनच्या ट्रान्सलेटरवर विचारलं, या चौथऱ्यावर काय होतं? तो म्हणाला, एक बाई होती. दगड तडकला म्हणून काढून नेली, बारा-पंधरा वर्षं झाली. बसलेली होती का? त्याने गुडघा टेकून दाखवला. मग प्रज्ञाने काही विचारायच्या आधीच स्वतःच्या कोपरावर तळहात आडवा ठेवला आणि इथून पुढे नाही, अशी मान हलवली.

आई पुढे तीन महिने आमच्याकडे होती. एकदाच विषय काढला मी. "मला दिसत होतं, तुला हे टेबल दिसतं तसं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आयुष्यभर मुलांना सांगितलं, कारण शोधा. मी शोधतेय, बेटा. तू नको विचारू."

मला काही सापडलेलं नाही. परवाच फोनवर सहज विचारलं, तर तिलाही नाही.