मेल्क खाली उतरला तो दिवस

ओबरश्वांड गावाला रस्ता नाही, दोर आहे. कड्यावरच्या त्या गावात जे काही आलं ते खालच्या ग्रुंडहून रोपवेच्या डब्यातूनच आलं. पीठ, मीठ, शाळेची बाकं, चर्चची नवी घंटा, डॉक्टर आणि लग्न होऊन येणाऱ्या मुलीसुद्धा. गेलं तेही डब्यातूनच गेलं. चीजच्या चकत्या, वासरं, कामाला लागलेली पोरं, शवपेट्या. दोन डबे एकाच दोराला जोडलेले. एक खाली निघाला की दुसरा वर यायला लागतो, आणि एक अडला की दुसराही अडतो.

मेल्क फुररने उभी हयात त्या डब्यावर चालक म्हणून काढली. बाहेरगावचे लोक खास डोंगर बघायला यायचे. डबा ढगातून वर निघाला की काचेला नाक लावून उभे राहायचे, आणि मेल्क त्यांना सांगायचा, ही भिक्षूची टोपी, तो घंटेचा सुळका, त्याच्या मागे बर्फाची लांब पाठ दिसते ती म्हातारी. तिसऱ्या खांबावर डबा हेलकावतो, तिथे त्याचं ठरलेलं वाक्य असे : "आता पोटात गोळा येईल. घाबरू नका, तो तुमचाच आहे, परत जागेवर जाईल." लोक हसायचे, आणि हसेपर्यंत खांब मागे पडलेला असायचा.

हे सगळं तो डोंगराकडे पाठ करून बोलायचा. तोंड उतारूंकडे. त्याची बायको ओटिलिया यावरून त्याला टोमणे मारायची, की लोक पैसे मोजून हे बघायला येतात आणि आमचं ध्यान बघा, दिवसभर डोंगराला पाठ. त्यावर तो म्हणायचा, डोंगर उद्याही आहेत, या डब्यातली माणसं उद्या नसतात.

रोपवेच्या चालकांची एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण पाद्र्याच्या मंत्रासारखी पाळली जायची. डबा बिनमालकाचा राहता कामा नये. पाळी बदलताना पुढचा चालक डब्यात चढायचा, आधीचा त्याच्या हातात किल्ली द्यायचा आणि म्हणायचा, "डबा तुझा. देव तुला राखो." घेणाऱ्याने म्हणायचं, "डबा माझा." तो म्हणेपर्यंत देणाऱ्याने किल्ली सोडायची नाही. चालक सगळे वरच्याच गावचे, त्यामुळे पाळी नेहमी वरच बदलायची. खाली ग्रुंडला उतारू उतरायचे, नवे चढायचे, मेल्क दार लावून परत वर.

ओटिलियाने एकदा ही किल्ली घेतलेली होती. त्यांची लेक क्लारा तान्ही होती त्या हिवाळ्यात दुसऱ्या चालकाचा पाय मोडला, आणि तेवढ्यात मेल्क तापाने फणफणला. वर दूध थांबलं, खाली पीठ थांबलं. ओटिलियाने जाता-येता बघून काम जाणलेलं होतं. तिने पलंगापाशी जाऊन हात पुढे केला. मेल्कने तशा तापातही म्हटलं, डबा तुझा, देव तुला राखो. ती लाजून पुटपुटली. त्याने किल्ली घट्ट धरून ठेवली. "मोठ्यानं," तो म्हणाला. तिला स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणायला लावलं, मगच सोडली. पुढे कितीतरी वर्षं तो लोकांना सांगायचा की आमच्या दोरावर दोनच खरे चालक झाले, आणि दुसरी माझी बायको.

निवृत्तीला कंपनीने त्याला जुन्या डब्याची ती किल्ली भेट दिली. नव्या डब्याला किल्ली लागत नव्हती, बटणं होती. मेल्क ती खिशात घालून रोज स्टेशनवर जायचा आणि काश्पारशेजारी उभा राहायचा. काश्पार त्याच्याच हाताखाली तयार झालेला. एक दिवस उतारूंना डोंगर सांगताना मेल्क अडखळला आणि म्हणाला, "ते... ते आपलं टोपीवालं." लोक हसले, त्यांना वाटलं हाही विनोदच. डब्यात मागे बसलेली ओटिलिया हसली नाही.

त्याच्या आठवणीतून आधी डोंगर गेले, मग शेजारी, मग क्लारा. त्या उंचीवर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. अहो-जाहो फक्त पाद्र्याला आणि खालून आलेल्यांना. एका दुपारी सूप वाढत असताना मेल्क तिला अदबीने म्हणाला, "तुम्ही किती दिवस आहात वर? हवा चांगली मिळाली तुम्हाला." तिला वाटलं चेष्टा करतोय. ती म्हणाली, "मरेपर्यंत." तो म्हणाला, "छान. लोक दोन दिवसांत पळतात." त्यानंतर ती त्याच्यासाठी 'बाई' झाली. वर्षभर ती वाट बघत राहिली, की आज तरी नावाने हाक मारेल. रोज संध्याकाळी मारियामातेच्या तसबिरीपुढे उभी राहून दुसरं काही मागत नसे, एवढंच मागायची.

मग हिमकण पडलेल्या एका सकाळी तो घरातल्या सपाता घालून स्टेशनवर गेला, फाटक उघडलं आणि डबा लागतो त्या कडेला जाऊन उभा राहिला. डबा खाली होता. पुढे नुसती दरी. काश्पारने मागून पँटचे पट्टे धरले म्हणून वाचला.

तेव्हापासून ओटिलिया दाराला खुर्ची लावून बसायची. तिचा खुबा दुखरा, धावणं जमत नाही. डॉक्टरने सांगितलं की घरी आता निभणार नाही, क्लारा फोनवर रडली, आणि खाली ग्रुंडला नन चालवतात त्या वृद्धाश्रमात जागा झाली. खिडकीतून दोर दिसतो अशी खोली. ओटिलियाने होकार दिला. होकार देताना तिला वाटलं की आपण कुणाची तरी सही खोटी करतोय.

न्यायचं कसं, हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाला, गोळी देऊ. ती म्हणाली, गुंगी देऊन वासरं नेतात. जायचं तर तो आपल्या पायांनी, आपल्या कोटात जाईल. काश्पारने तिला धीर दिला, की मेल्कला डबा दाखवला की झालं, तो पुढे आणि आपण मागे. सगळ्यांनाच ते पटलं. ओटिलियालाही पटलं, आणि तिलाच खरं तर कळायला हवं होतं.

सामान आदल्या दिवशी गेलं. सकाळी तिने जुना निळा कोट इस्त्री केला आणि त्याला सांगितलं की काश्पारला बरं नाही, आजची पाळी तुलाच घ्यावी लागेल. दारापाशी भांड्यातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवलं आणि या खोट्याबद्दल क्षमा मागितली. खोटं पुरतं व्हायच्या आधी मागितलेली क्षमा चालते की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा मागितली.

आभाळ धुतल्यासारखं होतं, खाली धुक्याचा समुद्र. पहिल्याच डब्याने वर आलेले प्रवासी परत खाली जायला थांबले होते. मेल्क आत चढला, काश्पारला कोपऱ्यात सरकायला सांगितलं, आणि दार लावलं. बटण काश्पारनेच त्याच्या पाठीमागून दाबलं.

आणि मग मेल्क बोलायला लागला. भिक्षूची टोपी. घंटेचा सुळका. म्हातारी. एकही चुकला नाही. डोंगराला पाठ, तोंड लोकांकडे. हा तर बरा आहे. हा अगदी बरा आहे, आणि मी याला कुठे घेऊन चालले आहे? तिने काश्पारकडे पाहिलं, काश्पारने खाली पाहिलं. तिसऱ्या खांबापाशी मेल्क तिच्याजवळ आला. "बाई, तुम्ही इथे धरा. आता पोटात गोळा येईल. घाबरू नका, तो तुमचाच आहे." बाकीचे हसले. तिने दांडी धरली.

ग्रुंडच्या फलाटावर कोट घालून सिस्टर पेत्रा उभी होती, वृद्धाश्रमाची. मागे आश्रमाचे दोन धट्टेकट्टे गडी. उतारू उतरले. मेल्कने ओटिलियाला कोपराला धरून उतरवलं. "जपून, बाई. परत यायचं असेल तर वेळेत या." मग आत गेला आणि दार लावून घेतलं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. खाली येणं म्हणजे याच्या लेखी पोहोचणं नव्हेच. याने जन्मभर इथे लोक उतरवले, आणि स्वतः कधी उतरला नाही.

सिस्टर पेत्रा डब्याच्या दारापाशी जाऊन गोड बोलली, की आमच्याकडे गरम कॉफी केलीय. मेल्क म्हणाला कॉफी वर मिळते, खालची म्हणजे पाय धुतलेलं पाणी. काश्पार म्हणाला, आण मेल्क, किल्ली दे, मी घेतो पाळी. मेल्कने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? अजून दार नीट लावता येत नाही तुला. आधी मिशी फुटू दे." काश्पारची मिशी पांढरी झालेली.

वरून घंटा वाजली. वरचा डबा भरून उभा होता, आणि हा हलल्याशिवाय तो हलणार नव्हता. फलाटावर डोंगर बघायला आलेल्यांची रांग वाढत गेली, कुणीतरी घड्याळ बघितलं. गडी एक पाऊल पुढे आले. आत मेल्क दाराची मूठ धरून उभा, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"कुणी हात लावायचा नाही त्याला," ओटिलिया म्हणाली.

ती दारापाशी गेली, परत जाणारी उतारू समजून त्याने दार उघडलं, आणि ती डब्यात चढली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला, जसा त्या हिवाळ्यात केला होता. म्हणाली, "मेल्क, तुझी पाळी संपली. मी घ्यायला आले."

त्याने हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि तो म्हणाला, "ओटिली. तू आहेस होय? बरं झालं. पाय भरून आलेत माझे."

वर्षभर मागितलेलं तिला मिळालं होतं. त्याला म्हणावं, हो मीच, चल घरी जाऊ, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. वर घर होतं. डबा वरच जाणार होता. पण घराच्या दारापाशी ती खुर्ची होती, आणि फाटकापलीकडे ती दरी.

त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. बोटं मात्र सोडली नाहीत. "डबा तुझा. देव तुला राखो."

"डबा माझा," ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

फलाटावर सगळे बघत होते. सिस्टरने मान खाली घातली.

"डबा माझा," ओटिलिया मोठ्याने म्हणाली.

मग त्याने किल्ली सोडली. तिचे हातमोजे कुठे आहेत असं विचारलं, तिने खिशातून काढून दाखवले. चर्चमधून निघावं तसा तो टोपी हातात घेऊन फलाटावर उतरला, सिस्टर पेत्राने हात पुढे केला तो धरला. पाळी संपलेल्या माणसाला आता कुठेही जायला हरकत नव्हती.

आणि ओटिलियाला मात्र उतरता येईना. ज्याने डबा घेतला त्याने तो वर न्यायचा. ती उतरली असती तर मेल्क परत आत चढला असता. रांगेतले लोक आत आले, काश्पारने दार लावलं, बटण दाबलं. मेल्क फलाटावर उभा राहून निघालेल्या डब्याकडे बघत होता, दार नीट लागलंय की नाही ते. लागलं होतं. त्याने मान डोलावली.

डबा धुक्यातून वर आला तशी सगळी माणसं काचेला चिकटली. कुणी म्हणालं, अरे देवा, काय दिसतंय. ओटिलियाने डोंगराकडे पाठ केली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिसरा खांब आला. काश्पार बटणांकडेच बघत राहिला, म्हणून तिनेच सांगितलं की आता पोटात गोळा येईल, घाबरू नका. पुढचं वाक्य तिला म्हणवलं नाही. कुणी हसलं नाही, कुणाला काही खटकलंही नाही.

वर पोहोचल्यावर ती सगळ्यांच्या मागून उतरली. काश्पारने तिला आधार द्यायला हात पुढे केला, तर तिला वाटलं तो किल्ली मागतोय. तिने मूठ मिटून घेतली.

ती दर रविवारी प्रार्थना आटोपून खाली जाते. मेल्कची तब्येत चांगली आहे, वजन वाढलंय, कॉफीला नावं ठेवत पितो. खिडकीपाशी बसून दोराकडे बघत असतो. ती दारात दिसली की लगेच ओळखतो, नावाने हाक मारतो. त्या दिवसापासून एकदाही विसरला नाही. तिने आणलेला पेअरचा पाव तो हातात घेतो, पण खात नाही, आधी विचारतो, डबा कोणाकडे आहे?

खोटं बोलून बघावं असं एकदोनदा तिच्या मनात आलं. काश्पारकडे आहे म्हणावं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसावं. पण एकदा तसं म्हणून पाहिलं, तर तो उठून कोट शोधायला लागला.

म्हणून ती खरं सांगते. "माझ्याकडे आहे, मेल्क."

"मग इथे काय करतेस?" तो म्हणतो. रागाने नाही, काळजीने. तिच्या कोटाचं वरचं बटण लावून देतो आणि तिला दारापर्यंत सोडायला येतो. "जा ओटिली. वर माणसं थांबली असतील."