कडूबाचं कोमट पाणी

चितेगावच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या कडूबाला स्वस्थ बसवायचं नाही. हात रिकामे असले की डोकं चालायचं. त्यात हिवाळा आला की बायकोचे, आशाबाईचे गुडघे असे धरायचे की सकाळी उठताना ती रडकुंडीला यायची. पत्र्याच्या खोलीत शेगडी ठेवावी तर धुरानं तिला ढास लागायची. मग या गड्यानं काय करावं? आठ पिंपं आणली, काळ्या रंगानं रंगवली, पाण्यानं गच्च भरली आणि दक्षिणेच्या खिडकीला आतून लावून ओळीनं मांडली. दिवसभर ऊन खाऊन पाणी तापायचं आणि रात्रभर खोलीला ऊब द्यायचं. आशाबाईला शांत झोप लागायला लागली.

गल्ली मात्र पोट धरून हसली. हसणारच की! नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि हा बाबा पाण्याला नुसता उन्हात बसवून ठेवतो! शेजारचा हबीब तेवढा हसला नाही. दोघांची तीस वर्षं एकाच कारखान्यात गेलेली. पिंपं आणायलाही त्यानंच हात लावला होता.

डिसेंबरात एकदा नवव्या दिवशीही नळ आला नाही, आणि त्याच दुपारी हबीब गेला. जेवून उठला, खुर्चीत टेकला आणि संपलं. कडूबा त्याच्या उशाशी बसून पोरासारखा रडला. घरी येऊन तोंड धुतो न धुतो तोच हबीबची सून शकीला दोन बादल्या घेऊन दारात उभी.

"चाचा, अब्बांना गुसल द्यायचाय. शेवटची आंघोळ. दोन बादल्या पाणी मिळंल का?"

दोनच बादल्या हो! पण कडूबाच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. एक पिंप उघडलं की अख्खी गल्ली भांडी घेऊन येणार, आठही रिकामी होणार, नळाचा तर भरवसा नाही, आणि आशाबाई रात्रभर कण्हत पडणार. विचार पुरा व्हायच्या आतच तोंडातून निघून गेलं, "नाय गं पोरी. आमची बी पिंपं रिकामीच हायत."

शकीलानं एकदा खिडकीकडं पाहिलं. "बरं चाचा," म्हणाली आणि गेली.

आशाबाईनं आतून सगळं ऐकलं होतं. "अवो, दोस्त व्हता ना तुमचा? माझ्या गुडघ्याच्या नावावर असलं पाप करू नका, सांगून ठेवते!"

कडूबानं पिंपाचं झाकण काढलं. घाईघाईनं त्यानं बादली भरली, पण अंगणात येतो तर हबीबच्या दारात रिक्षातून पाण्याचे जार उतरत होते. भरली बादली घेऊन तो तसाच उभा राहिला. पुढं पाऊल टाकावं तर खोटं उघडं पडणार. शेवटी त्यानं ती पिंपात परत ओतली. जनाज्याचा खांदा त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. लोक म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. ते ऐकून त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तीन दिवस घास गिळवला नाही. चौथ्या दिवशी तो शकीलाच्या दारात गेला.

"पोरी, मी लबाड बोललो. पिंपं भरलेली व्हती."

"मला तवाच कळलं होतं, चाचा." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "जारवाल्यानं पाणी दिलं, पण लई थंडगार. मयताला तसलं पाणी कसं घालावं? गॅसवर पातेली चढवून कोमट करत बसले मी."

"माझ्याच घरी कशी आली गं तू पहिल्यांदा?"

"अब्बा सांगायचे ना. म्हणायचे, कडूबाच्या घरचं पाणी उन्हानं कसं बेताचं कोमट असतं. त्यांना थंड पाणी कधी सोसायचं नाही. म्हणलं, जाताना तरी त्यांच्या मनासारखं पाणी मिळू दे."

कडूबा माफी मागायला आला होता. ती न मागताच तो घरी परतला आणि पिंपातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसला.