अकरा पिंपं परत उघडली तेव्हा

बोसच्या खोऱ्यात मार्च लागला की पुरुष मंडळी रानातल्या मेपलच्या गुऱ्हाळांत मुक्काम ठोकतात, आणि जोसियानच्या घरात कॉफी बंद होते. कांदा बंद, लसूण बंद, वाइनचा घोट नाही, अंगाला वासाचं काही लावायचं नाही. नऊ वर्षं हेच चाललंय. मेपलच्या झाडांचा रस आटवून शेतकरी पाक करतात, पिंपं भरून रेजाँच्या वखारीत आणतात, आणि जोसियान चमचाभर पाक जिभेवर घेऊन सांगते, हा पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या, आणि ह्याला कोंबाची चव लागलीय. ते शेवटचं कुणालाच ऐकायचं नसतं. उन्हं वाढून झाडांना कोंब यायला लागले की रस कडवटतो, आणि तसलं पिंप निम्म्या भावानं मिठाईच्या कारखान्यात जातं. पण जोसियाननं सांगितलं की वाद नसे. माणसं टोपी घालून घरी जात.

वखारीतला बारमाही परीक्षक म्हातारा लिओपोल गेल्या शरदात घरी बसला आणि त्याची जागा रिकामी झाली. जोसियानला काम वर्षातले दोन महिने. उरलेले दहा ती वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर उभी. फेब्रुवारीत तिनं रेजाँला विचारलं. रेजाँनं कान खाजवला. "ईस्टर होऊ दे, मग बघू," म्हणाला.

आणि पाच मार्चला न्हाणीघरात चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सात वर्षं वाट पाहिली होती नवराबायकोनं. ती टबाच्या काठावर बसून आधी रडली, मग हसली, आणि मग तिच्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर रेजाँचा कान.

रविवारी सासू आली. वाटाण्याचं सूप वाढता वाढता विषय निघाला.

"उद्याच सांगून टाक," नवरा म्हणाला. रेमी ट्रकचे टायर दुरुस्त करतो. त्याच्या धंद्यात गोष्ट एकतर फुटलेली असते नाहीतर नसते.

"तू गप बैस," सासू, फर्नांद तिचं नाव, म्हणाली. "वखारीतल्या कातीचं काय झालं विसरलास? पोरीनं भर हंगामात दिवस गेल्याचं सांगितलं. रेजाँनं केक आणला, गालाचे मुके घेतले, आणि पुढच्या वर्षी फोनच केला नाही."

"तसं करता येत नाही, आई. कायदा आहे."

"काढून टाकायला कायदा आडवा येतो रे. बोलवायलाच विसरला तर कुठला कायदा येतो?"

रेमीनं पावाचा तुकडा तोडला.

"बारमाहीच्या कागदावर सही होईपर्यंत तोंड उघडू नकोस," फर्नांदनं सुनेला बजावलं. "ईस्टरनंतर सांग. तोवर सैल स्वेटर घाल."

ठरलं तर. ईस्टर नेमका यंदा उशिरा, वीस एप्रिलला.

लपवणं अवघड जाईल असं वाटलं होतं, पण ते इतकं सोपं निघालं की जोसियानला चीड यावी. कॉफी का घेत नाही, कुणी विचारेना. ती मार्चात कधीच घेत नव्हती. रेजाँच्या वाढदिवसाला सगळ्यांचे पेले भरले, तर रेजाँनंच तिचा पेला पालथा घातला. "हिला देऊ नका रे, हिची जीभ माझ्या वखारीची आहे." सगळे हसले. जोसियानही हसली, दात न दाखवता.

घात केला तो त्या जिभेनंच. आठ-दहा दिवसांत तिच्या तोंडात कसलंसं जुनं नाणं चोखत असल्यासारखी चव बसली. पाणी प्यावं तरी नाणं, पाव खावा तरी नाणं. पिंपाजवळ उभी राहून ती सफरचंदाची फोड चावायची, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि मग चमचा तोंडात घालायची. अर्धा क्षण बरं वाटे, की लगेच मागून कडू. आता हे कडू पाकाचं की आपलं? नऊ वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. खराब पिंप चांगल्यात गेलं तर अख्खी टाकी नासणार, म्हणून शंका आली की ती गुलाबी चिठ्ठीवर "कोंब" लिहून मोकळी व्हायची. मार्च संपेपर्यंत अकरा चिठ्ठ्या झाल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हिच्या चिठ्ठ्यांत वसंत आलेला.

कुणीतरी भांडायला यावं म्हणून ती वाट पाहत होती. कुणी आलं नाही. उलट रेजाँ सगळ्यांना सांगत सुटला, "लिओपोललाही इतकं बारीक कळत नव्हतं. हिला बघा." तिला त्याचा राग आला, जिभेचा आला, ईस्टरचा आला. रोज सकाळी आज सांगू म्हणून घरून निघायची आणि रोज संध्याकाळी तोच सैल स्वेटर खुंटीला अडकवायची.

चार एप्रिलला ओनेझीम आला. ऐंशीला टेकलेला म्हातारा, गुलाबी चिठ्ठी टोपीत खोचलेली.

"पोरी, हे तू लिहिलंस?"

"हो, काका."

"हा पाक मी बारा मार्चला आटवला. त्या दिवशी माझ्या दारात बर्फ कमरेला लागत होतं. कोंब काय माझ्या टोपीला फुटले?"

"ओनेझीम, जोसियाननं सांगितलं म्हणजे विषय संपला," रेजाँ टेबलामागून म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? मी हिला विचारतोय."

म्हाताऱ्यानं चिठ्ठी काढून पुन्हा एकदा पाहिली, घडी घातली, टोपीत ठेवली. "साठ वर्षं पाक करतोय. पण तू म्हणतेस तर असेल. माझीच जीभ म्हातारी झाली असेल." आणि दाराकडे वळला.

तो ओरडला असता तर ती गप्प राहिली असती. एवढं मात्र तिला सोसवेना.

"काका, थांबा. रेजाँ, ती अकरा पिंपं परत उघडा."

"का म्हणून?"

"मी चुकलेय."

"तू चुकत नाहीस."

"ह्या वेळी चुकलेय, सांगते ना."

रेजाँनं नाराजीनं फेरतपासणीचं पुस्तक ओढलं. "कारण लिहिल्याशिवाय सील तोडता येत नाही. काय लिहू, थकवा?"

"लिहा, चव घेणारी बाई गरोदर आहे."

पेन थांबलं. ओनेझीमनं टोपी काढली, चिठ्ठी जमिनीवर पडली, ती त्यानं उचललीच नाही. "असं होय," तो म्हणाला. "आमच्या हिला सहाही वेळा पाणी कडू लागायचं. पहिल्या खेपेला मला वाटलं आत काही मेलंय, म्हणून मी अख्खी विहीर उपसली."

रेजाँला हसू आलं नाही. "कधीपासून माहीत आहे?"

"पाच मार्च."

"महिना झाला. आणि मला आज सांगतेस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर मला पिंपाजवळ उभं केलं असतंत?"

रेजाँ तेवढा खरा माणूस. "नाही," म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी फोन?"

तो पेनाचं टोपण शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी लिओपोलला घरून आणलं. म्हाताऱ्यानं अकराही पिंपं चाखली. दहा चांगली निघाली, ओनेझीमचं त्यांत सगळ्यात वरचढ. एक खरोखरच कोंबाचं होतं, पण ते कुठल्या सालचं हे त्याच्या मालकानं कुणाला सांगितलं नव्हतं.

हंगामभर आता चव लिओपोल घेणार, जोसियाननं वजनं लिहायची आणि पिंपांना चिठ्ठ्या डकवायच्या, असं रेजाँनं ठरवलं. तिनं मान हलवली. मग विचारलं, "आणि बारमाही जागेचं?"

रेजाँनं कान खाजवला. "ईस्टर होऊ दे, मग बघू."

तेच शब्द, तोच कान. ह्या वाक्याचं 'नाही' होऊ नये म्हणून ती महिनाभर तोंडातलं नाणं गिळत आली होती, दहा जणांच्या चांगल्या पाकाला नाव ठेवून बसली होती, आणि वाक्य जिथल्या तिथं होतं. आता बोलून काय उपयोग, असं तिच्या मनात आलं. पण फेरतपासणीचं पुस्तक टेबलावर उघडंच पडलं होतं. तिनं ते त्याच्यापुढे सरकवलं.

"कुठल्या दिवशी?"

"काय कुठल्या दिवशी?"

"बघणार आहात ना. तो दिवस लिहा."

"अगं, हे पुस्तक पिंपांचं आहे."

"कारणाच्या रकान्यात माझं पोट मावलं. तारीखही मावेल."

रेजाँनं लिओपोलकडे पाहिलं. लिओपोल स्वच्छ चमचा पुन्हा पुसत होता. शेवटी रेजाँनं लिहिलं: मंगळवार, बावीस एप्रिल, सकाळी दहा. आणि खाली सही केली, तीही आपणहून नाही, जोसियान हलेना म्हणून.

जोसियाननं कार्बनखालची पिवळी प्रत फाडून स्वेटरच्या खिशात घातली आणि चिठ्ठ्या डकवायला गेली. तोंडात नाणं होतं तसंच होतं.