अणू बघणारी मंडळी

अणू बघण्यापेक्षा वाट बघण्यातच आमचे दिवस जास्त जातात. आणि वाट बघणारी माणसं दुसरं काय करणार? किस्से साठवणार! बनारसच्या आमच्या लॅबमध्ये त्यांचा नुसता ढीग झालाय.

आमचा मायक्रोस्कोप म्हणजे एक अतिशय बारीक सुई. ती धातूला न शिवता त्याच्यावरून फिरते आणि एकेक अणू चाचपते. जरा कुठे धक्का बसला की चित्र बिघडलंच! एकदा भर दुपारी खिडकीखाली डीजेवाली वरात येऊन थांबली. आमचे पाटणकर सर तावातावाने खाली गेले. वराती म्हणाले, "पहले नाचिए गुरुजी, तब बंद होगा!"

सर घामाघूम होऊन वर आले. गाझीपूरचा आमचा विद्यार्थी अवनीश स्क्रीनवरच्या उड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, बढ़िया नाचे आप. सब रेकॉर्ड हुआ है!"

सुईला अणू दिसतो, पण तो लोखंडाचा की तांब्याचा, ते एक्स-रे सांगतो. हे मी आईला समजावलं. तिने 'एक्स-रे' तेवढं ऐकलं आणि शेजारच्या गोडबोले काकूंना सांगितलं. काकू दुखरा गुडघा घेऊन लॅबच्या दारात हजर!

सर म्हणाले, "काकू, आमचं मशीन एका वेळी एकच अणू बघतं. तुमच्या गुडघ्याला सात जन्म लागतील."

"अहो, काशीत राहून पुन्हा जन्म कसला?"

आम्हाला लागतो तसा प्रखर एक्स-रे इथे नाही. त्यासाठी नमुना डब्यात बंद करून दूरच्या शहरात न्यायचा. स्टेशनवर शिपायाने डबा स्कॅनरमधून काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इसमें तो कुछ दिखता नहीं."

अवनीश हात जोडून म्हणाला, "हमें भी नहीं दिखता भैया, इसीलिए तो जा रहे हैं!"

आणि हे परवाचं. सरांचे वडील, नाना, लॅब बघायला आले. सरांची आई गेल्यापासून ते मुन्शी घाटाजवळच्या घरी एकटेच असतात. त्या दिवशी कधी नव्हे तो एक सुटा अणू सुईखाली स्थिर मिळाला होता. सुई उचलली तर तो पुन्हा सापडेलच असं नव्हतं. सरांनी नानांना लगबगीने स्क्रीनसमोर बसवलं.

"नाना, हा बघा. एक अणू!"

नानांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"एकटाच आहे होय रे?"

"हो, नाना."

"मग बरं झालं. कोणी तरी बघायला आलं त्याला."

सरांनी सुई उचलली, मशीन बंद केलं आणि म्हणाले, "चला नाना, आज तुमच्याकडे जेवायला येतो."