उरलेला छर्रा

माझे वडील विसरायला लागले आहेत की नेहमीप्रमाणे माझी फिरकी घेताहेत, हे मला कळत नाही, आणि शनिवारच्या आत कळायलाच हवं. शनिवारी ते माझ्या मुलीला, सिग्नेला, त्यांच्या जुन्या हिरव्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवणार आहेत. तेही हायवेवर. सध्या बिटाची काढणी चालू आहे आणि भरलेले ट्रक थांबायचं नाव घेत नाहीत.

वडिलांचं नाव आर्विड टोलेफसन. आयुष्यभर त्यांनी या खोऱ्यात साखरबीट पिकवलं आणि स्वतःच्या गाड्या स्वतःच दुरुस्त केल्या. गाडी गॅरेजमध्ये नेणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याकडून बुटाच्या नाड्या बांधून घेणं. आई होती तेव्हापासून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावरच उघडला जातो आणि सुटे भाग ठेवायला आईचा वाट्यावाट्यांचा मफिनचा साचा घेतला जातो. पहिला निघालेला स्क्रू डावीकडच्या पहिल्या वाटीत, नंतरचा पुढच्या. जोडताना शेवटच्या वाटीपासून उलटं यायचं. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्या की काम झालं. मग आई साचा दोनदा घासायची, तरी मफिनला पेट्रोलचा वास यायचा आणि आम्ही निमूट खायचो.

रविवारी चर्चहून आल्यावर बाबांनी हिरव्या गाडीचा कार्बोरेटर उघडला, धुतला, फुंकून साफ केला, नवी गॅस्केटं घातली. मी समोर कॉफी पीत बसले होते. काम संपलं तेव्हा मधल्या एका वाटीत बारीकसा पोलादी छर्रा तसाच होता.

"बाबा, हा राहिला."

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. नव्या भागांच्या पाकिटात चार जातींच्या कार्बोरेटरचं सामान येतं, काहीतरी उरतंच, असं म्हणाले आणि छर्रा शर्टाच्या खिशात टाकला. पाकिटातलं उरतं हे खरंच आहे. पण पाकिटातलं सामान ते कधी वाटीत ठेवत नाहीत.

गाडी लगेच सुरू झाली, छान घुरघुरत राहिली. मी शेजारी बसले होते. हायवेवर चढताना त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला तशी गाडी खोकली, क्षणभर अडली आणि मग पळाली. इंजिन गार आहे, म्हणाले. येतानाही ती तशीच खोकली, तेव्हा इंजिन गार नव्हतं. आतला छर्रा नसला की ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल वेळेवर पोचत नाही आणि गाडी अशीच खोकते. कशी चालतेय म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाईट नाही." आमच्याकडे भरघोस पिकालाही एवढंच म्हणतात. ट्रॅक्टरखाली पाय मोडला होता, तेव्हाही बाबा हेच म्हणाले होते.

काल त्यांच्याकडे गेले तेव्हा विचारलं, तो छर्रा कुठे ठेवलात?

"कसला छर्रा?"

चेहरा मख्ख. पण तो जन्मापासूनच तसा आहे. आईच्या वाढदिवसालाही ते "कसला वाढदिवस?" असंच विचारायचे आणि भेट ओव्हनमध्ये दडवलेली असायची. त्यांना हसू येण्याची मी वाट पाहिली. ते हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत.

"माझ्या डोक्यातून पडला असेल," ते म्हणाले. "तिथे बरेच सैल झालेत."

मी हसले. घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं, हसायला नको होतं. सिग्ने म्हणते, आजोबा नेहमीसारखेच तर आहेत. तेच तर. नेहमीसारखे असणं आणि नसणं यांत फरक काय दिसेल?

डॉक्टरांना फोन करावा असं संध्याकाळी मनात होतं. पण त्यांना सांगू काय, वडील विनोद करतात म्हणून? इथे कोणी कोणाला थेट काही विचारत नाही. हवेवरून बोलणं सुरू होतं आणि हवेवरच संपतं. उद्या सकाळी मी बाबांनाच फोन करणार आहे, आणि हवेचा विषय काढणार नाही. साचा टेबलावर काढून ठेवा म्हणेन, कार्बोरेटर पुन्हा उघडायचाय, माझ्यासमोर. छर्रा आत सापडला, म्हणजे त्यांनी तो मागाहून गुपचूप बसवून माझी फिरकी घेतली असली, तर सिग्ने शनिवारी शिकायला येईल. नाही सापडला तर पुढे काय करायचं, तेही त्यांनाच विचारीन.